निवडुंग नेमका कुठे उगवतो?

प्राथमिक शाळेच्या परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न आहे : 'निवडुंग कोठे आढळतो?' उत्तरही ठरलेले आहे : 'वाळवंटात.' आता समजा, रोह्याजवळच्या अष्टमीतल्या एखाद्या मुलीने या प्रश्नाचे उत्तर लिहिले, 'आमच्या वाडीच्या कुंपणावर.' तिला आपण गुण द्यायचा, की लाल फुली मारायची?

प्रश्न एका गुणाचा असला तरी उत्तर एका ओळीत मावणारे नाही. त्यासाठी मेक्सिको, ब्राझील, कलकत्ता, पुणे, ऑस्ट्रेलिया आणि मोरोक्को अशी बरीच भटकंती करावी लागते. या लेखात आपण ती करू आणि शेवटी पुन्हा अष्टमीला येऊन त्या उत्तरपत्रिकेचे काय करायचे ते ठरवू.

पाऊस आहे, पण पाणी?

कुंडलिका नदीच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी. दोहोंची मिळून नगरपालिका एकच, रोहा-अष्टमी. नदी पुढे रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. हा सगळा भाग भरपूर पावसाचा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस इथे पडतो. जैसलमेरला पडतो तो जेमतेम दोनशे मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे पावसाच्या आकड्यावरून पाहिले तर अष्टमीत वाळवंटी झाडाला काही काम नाही.

पण हा आकडा जरा उलगडून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे अष्टमीच्या प्रत्येक चौरस मीटरवर वर्षाला तीन हजार लिटर पाणी पडते. मात्र ते जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते. उरलेले आठ महिने आकाश कोरडे. शिवाय पडलेले पाणी मुरायला माती हवी. उत्तर कोकणातल्या काळ्या कातळावर, जुन्या तटाच्या भिंतीवर, दगडी गडग्यावर किंवा समुद्रकाठच्या वाळूत पाणी थांबतच नाही. पाऊस उघडला की दोन-चार दिवसांत तिथे ठणठणाट. एप्रिल-मे महिन्यांत अशा कातळावर हात ठेवून पाहा, चटका बसतो. तिथे मूळ धरून बसलेल्या झाडाच्या दृष्टीने ते वाळवंटच असते. पन्नास पावलांवर भाताचे खाचर असले तरी.

वर्गात सांगण्यासारखी पहिली गोष्ट ही : नकाशावर पिवळ्या रंगाने दाखवलेले तेवढेच वाळवंट, असे झाडे मानत नाहीत. झाडाला मतलब असतो तो मुळांपाशी किती दिवस पाणी मिळते याच्याशी.

एक नाव, दोन घराणी

आता 'निवडुंग' या शब्दाकडे वळू. मराठीत आपण काटेरी, मांसल खोडाच्या पुष्कळ झाडांना सरसकट निवडुंग म्हणतो. त्रिधारी निवडुंग, वई निवडुंग, फड्या निवडुंग ही त्यांतली नेहमीची नावे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यांत दोन अगदी वेगळी घराणी आहेत.

त्रिधारी आणि वई निवडुंग हे युफोर्बिया, म्हणजे एरंडाच्या कुळातले. हे आपल्याकडचे जुने रहिवासी. यांच्यापैकी 'स्नुही' किंवा 'सुधा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या चिकावर चरकसंहितेच्या कल्पस्थानात एक स्वतंत्र अध्यायच आहे. कुंपणाला, म्हणजे वईला, लावायचा म्हणून तो वई निवडुंग.

फड्या निवडुंग मात्र कॅक्टस कुळातला. नागाच्या फड्यासारखे चपटे, हिरवे, एकावर एक चढवलेले तुकडे म्हणून फड्या. त्याचे शास्त्रीय नाव ओपन्शिया. कॅक्टस कुळ सगळेच्या सगळे अमेरिका खंडातले. रिप्सॅलिस नावाची झाडावर वाढणारी एक जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपोआप पोचलेली आढळते, तेवढा एकच अपवाद. म्हणजे सहारासारख्या अफाट वाळवंटात मूळचा एकही कॅक्टस नाही. आपल्या थरच्या वाळवंटातही नाही. तिथे मूळचा आहे तो 'थोर', आणि तो पुन्हा युफोर्बियाच. पाठ्यपुस्तकातल्या वाळवंटाच्या चित्रात उंट आणि कॅक्टस शेजारी शेजारी काढलेले असतात, पण निसर्गात त्यांची गाठ माणसाने घालून दिल्याशिवाय पडली नसती.

दोन्ही घराणी ओळखायला सोपी आहेत. युफोर्बियाला खरचटले की पांढराशुभ्र चीक येतो. फड्या निवडुंगातून निघतो बुळबुळीत, बिनरंगाचा रस. युफोर्बियाची फुले बारीक, पिवळसर, चटकन नजरेत न भरणारी. फड्याची फुले मोठी, पिवळी-नारिंगी, भरपूर पाकळ्यांची. फड्याच्या अंगावर ठिपक्यांसारख्या बारीक गाद्या असतात आणि काटे त्या गाद्यांतून झुबक्याने येतात. दोन घराणी, दोन खंड, नाते दूरचे. पण अडचण एकच, पाण्याची. म्हणून दोघांनीही उपाय सारखाच शोधला : पाने टाकून द्यायची, खोड हिरवे आणि जाड करायचे, वर मेणाचा थर द्यायचा, आणि साठवलेले पाणी कोणी खाऊ नये म्हणून काटे धरायचे. सारख्या परिस्थितीत वेगवेगळ्या वंशांचे जीव सारखे दिसू लागतात, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

आणि सगळे कॅक्टस वाळवंटी असतात असेही नाही. कोकणात पुष्कळ घरांच्या ओसरीपाशी 'ब्रह्मकमळ' म्हणून एक झाड कुंडीत लावलेले असते. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री त्याला मोठे पांढरे फूल येते आणि शेजारपाजार पाहायला जमतो. हे खरे ब्रह्मकमळ नव्हे. हा मध्य अमेरिकेच्या दमट जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा कॅक्टस आहे. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवते. त्याच्या प्रजातीचे नाव सॉस्युरिया, आणि हे नाव आपल्याला लगेच पुढे लागणार आहे.

रात्री उघडणारी दारे

झाडाच्या पानावर किंवा हिरव्या खोडावर पर्णरंध्रे असतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. भर दुपारी दार उघडले तर पाणी जाणार, बंद ठेवले तर उपासमार. निवडुंग यातून कसा सुटतो?

याचा पहिला धागा १८०४ साली हाती लागला. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या निकोला थिओडोर द सॉस्यूर याने वनस्पतींवर रासायनिक प्रयोग केले. फड्या निवडुंगाचे तुकडे अंधारात ठेवले असता ते ऑक्सिजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही शोषून घेतात, असे त्याला आढळले. इतर झाडे अंधारात कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, हे झाड आत घेत होते. सॉस्युरिया हे नाव याच शास्त्रज्ञाच्या आणि त्याच्या वडिलांच्या सन्मानार्थ दिलेले आहे.

दुसरा धागा भारतातला. मद्रास इलाख्यात कंपनीच्या नोकरीत असलेला बेंजामिन हाइन हा निसर्गाचा अभ्यासक. त्याने १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीकडे एक पत्र पाठवले. विषय होता पानफुटी, तीच जिचे पान मातीवर ठेवले की कडेने रोपे फुटतात. हाइनने लिहिले की या पानाची चव सकाळी आंबट असते, दुपारपर्यंत आंबटपणा जातो आणि संध्याकाळी पान कडवट लागते. प्रयोगशाळा नाही, उपकरण नाही. जीभ, सकाळ आणि संध्याकाळ एवढ्यावर लागलेला हा शोध.

हे दोन धागे जुळायला शंभराहून अधिक वर्षे गेली. आज आपल्याला माहीत आहे की ही झाडे रात्री, हवा गार असताना पर्णरंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. म्हणून सकाळी पान आंबट. उजाडल्यावर दारे बंद करून साठवलेल्या आम्लातला कार्बन डायऑक्साइड मोकळा करतात आणि उन्हाच्या साहाय्याने अन्न बनवतात. म्हणून आंबटपणा कमी होत जातो. कातळावरच्या आठ कोरड्या महिन्यांत टिकण्याचे रहस्य ते हे.

जहाजातून आलेले झाड

फड्या निवडुंग अमेरिकेचा, म्हणजे तो इकडे आला तो समुद्रमार्गेच. मिरची, अननस, काजू ही अमेरिकेची झाडे पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. ज्या कुंडलिकेच्या काठी अष्टमी आहे, तिच्या मुखाशी चौल-रेवदंड्याला पोर्तुगिजांचा तळ १७४० पर्यंत होता. अशा लांबच्या प्रवासाला निवडुंगासारखे सोयीचे झाड नाही. त्याचा एक फडा तोडून कोपऱ्यात टाकला तर महिनोन्महिने वाळत नाही, आणि जमिनीवर पडला की मूळ धरतो.

पण निवडुंगाला सरकारी महत्त्व आले ते त्याच्यासाठी नव्हे, त्याच्यावरच्या एका किड्यासाठी. मेक्सिकोत निवडुंगावर कोचिनील नावाचा किडा वाढवीत. लाखेच्या किड्याचा हा लांबचा भाऊबंद, दिसायला पिठ्या ढेकणासारखा, पांढऱ्या कापसाखाली दडलेला. त्याची मादी चिरडली की गर्द किरमिजी रंग निघतो. एक पौंड रंगद्रव्यासाठी सुमारे सत्तर हजार वाळलेले किडे लागत. युरोपातल्या राजांचे झगे, धर्मगुरूंची वस्त्रे, इंग्रज सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे लाल कोट या रंगाने रंगत, आणि हा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. मेक्सिकोबाहेर जिवंत किडा जाऊ नये याची स्पेन काळजी घेई.

ही मक्तेदारी मोडावी असे इंग्रजांना वाटणे साहजिक होते. १७८७ साली ऑस्ट्रेलियात पहिली वसाहत करायला निघालेल्या आर्थर फिलिप याने वाटेत ब्राझीलच्या रिओ बंदरातून निवडुंग आणि त्यावरचे किडे घेतले. इकडे मद्रासला कंपनीचा मुख्य वैद्य जेम्स अँडरसन हा १७८६ पासून लंडनच्या जोसेफ बँक्सला कोचिनीलविषयी पत्रांमागून पत्रे लिहीत होता. मद्रासला निवडुंगाची खास बागही तयार झाली. बाग होती, किडा नव्हता. शेवटी १७९५ साली नील्सन नावाचा एक कॅप्टन त्याच रिओ बंदरातून किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. तिथल्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याच्या हाती ते सोपवण्यात आले.

रंगाऐवजी लागलेला शोध

किडे भराभर वाढले. बंगालमध्ये आधीपासून कुंपणाला लावलेल्या ओपन्शिया मोनाकँथा या जातीवर तर फारच. पण रंग मात्र हलका निघाला. नील्सनने आणलेला किडा मेक्सिकोतला पाळीव कोचिनील नव्हताच. तो दक्षिण अमेरिकेतला त्याचा रानटी भाऊ होता. पुढे सिलोनमध्ये त्याचे वर्णन झाले म्हणून त्याला डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात. नाव सिलोनचे, मूळ दक्षिण अमेरिकेचे. धंदा म्हणून कंपनीचा प्रयोग फसला आणि हळूहळू सगळे तो विसरून गेले.

किडा मात्र आपले काम करीत राहिला. ओपन्शिया मोनाकँथा ही जातही ब्राझीलकडची. तिचा शत्रू मागे राहिला होता म्हणून ती इथे निर्धास्तपणे पसरली होती. आता तो शत्रू दीडशे-दोनशे वर्षांनी नव्हे, तर माणसाच्या हातून अचानक येऊन दाखल झाला. पाहता पाहता उत्तर भारतातून ही जात विरळ होत गेली. १८३६ नंतरच्या काही वर्षांत हा किडा मुद्दाम दक्षिण भारतात नेला गेला आणि तिथेही तोच परिणाम दिसला. १८६० च्या दशकात तो सिलोनला नेण्यात आला, तो आता रंगासाठी नव्हे, निवडुंग मारण्यासाठी.

एखाद्या तणाचा बंदोबस्त करण्यासाठी त्याचा नैसर्गिक शत्रू एका देशातून दुसऱ्या देशात जाणूनबुजून नेला गेला, याचे जगातले पहिले उदाहरण म्हणून याची नोंद केली जाते. जैविक नियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकाचे पहिले पान असे कलकत्त्याच्या बागेत, भलत्याच हेतूने आणि चुकीच्या किड्याने लिहिले गेले.

दख्खनला पडलेला वेढा

निवडुंगाच्या सगळ्या जाती काही या किड्याला बळी पडल्या नाहीत. दख्खनमध्ये मुख्यतः ओपन्शिया एलाटिऑर आणि दक्षिणेत ओपन्शिया डिलेनाय या जाती पसरल्या होत्या. सिलोनिकस किडा त्यांना तोंडही लावत नव्हता. घाटावरची कोरडी हवा, उघडी माळराने आणि भरपूर ऊन या जातींना मानवले. गुरांपासून आणि चोरांपासून राखण म्हणून लोकांनी गावकुसाभोवती, शेताच्या बांधावर निवडुंग लावला आणि तो हाताबाहेर गेला. पक्षी लाल बोंडे खाऊन बिया दूर टाकीत. तोडलेला फडा जिथे पडे तिथे नवे झाड होई. तोडावा तर वाढतो, अशी गत.

पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे मंदिर आहे. तुकाराम महाराजांची पालखी पुण्यात मुक्कामाला येते ती इथेच. इथली मूर्ती निवडुंगाच्या रानात सापडली म्हणून विठोबाला हे नाव पडले असे सांगतात. एका अमेरिकी झाडाचे नाव पंढरीच्या देवाला चिकटावे इतका निवडुंग इथल्या भूमीत मुरला होता. दुष्काळाच्या साली काटे भाजून काढलेले फडे गुरांपुढे टाकत आणि पोरे त्याची बोंडे खाऊन ओठ लाल करून घेत. उपयोग होता, पण त्याने व्यापलेल्या जमिनीच्या मानाने थोडा.

कोकणात असा वेढा पडला नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. निवडुंग उन्हाचा भुकेला आहे. पावसाळ्यात कमरेइतके गवत, वेली आणि झुडपे माजतात तिथे तो सावलीत मागे पडतो, आणि पाणी साचलेल्या मातीत त्याची मुळे कुजतात. म्हणून कोकणात तो राहिला किनाऱ्याच्या वाळूत, तटबंदीवर, कातळावर आणि माणसाने राखलेल्या कुंपणात. अष्टमीच्या मुलीने लिहिलेली जागा नेमकी हीच.

घाटावरचा वेढा उठला तो दुसऱ्या एका किड्यामुळे. डॅक्टिलोपियस ओपन्शिए हा उत्तर अमेरिकेतला. तो आधी ऑस्ट्रेलियात, तिथून सिलोनमध्ये आणि १९२६ साली सिलोनमधून भारतात आणला गेला. या वेळी आणणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते. किडा लागलेले फडे तोडून निरोगी झुडपांवर ठेवायचे, एवढीच युक्ती. किड्याची बारीक पिल्ले वाऱ्यावर उडत पुढच्या झुडपावर जातात, तिथे सोंड खुपसून बसतात आणि रस शोषतात. पाच-सहा वर्षांत मैलोन् मैल पसरलेली निवडुंगाची रानेच्या राने पिवळी पडून कोसळली. आज दख्खनमध्ये निवडुंग दिसतो तो तुरळक, आणि त्यावर पुष्कळदा पांढरे कापसासारखे ठिपके दिसतात. ते या किड्याचेच वंशज.

मित्र कोण, शत्रू कोण?

भारताचा हा अनुभव इतर देशांनी हेरला. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने १९२० च्या दशकापर्यंत सुमारे सहा कोटी एकर जमीन गिळली होती. तिथल्या क्वीन्सलंड सरकारने १९१२ साली दोन शास्त्रज्ञांना जगाच्या फेरीवर पाठवले. ते भारत आणि सिलोनलाही आले. सिलोनिकस किडा त्यांनी ऑस्ट्रेलियात नेला आणि तिथलाही मोनाकँथा निवडुंग आटोक्यात आला. इतर जातींसाठी १९२५ साली अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस या पतंगाची अंडी आणली गेली. त्याच्या अळ्या फडे आतून पोखरतात. सात-आठ वर्षांत जमीन मोकळी झाली. बूनार्गा या गावच्या शेतकऱ्यांनी १९३६ साली बांधलेल्या सभागृहाला या पतंगाचे नाव दिले.

इथे गोष्ट संपली असती तर सगळेच गोड झाले असते. पण हाच पतंग १९५७ साली कॅरिबियन बेटांवर सोडला गेला, आणि बेटांमागून बेटे ओलांडत १९८९ साली अमेरिकेच्या फ्लोरिडात पोचला. तिथे निवडुंग हा उपरा नाही, मूळचा आहे. त्याच्या दुर्मीळ जाती आता या पतंगामुळे धोक्यात आल्या. २००६ साली तो मेक्सिकोच्या एका बेटावरही दिसला. मेक्सिकोत निवडुंग रोजच्या भाजीत असतो आणि राष्ट्रध्वजावरही. सरकारने धावपळ करून २००९ पर्यंत त्याचे तिथून उच्चाटन केले.

मोरोक्कोत तर आपल्याच ओळखीचा किडा खलनायक ठरला. तिथे निवडुंग हे फळांचे आणि चाऱ्याचे पीक आहे, गरीब शेतकऱ्याच्या कुंपणाचे साधन आहे. २०१४ पासून तिथे डॅक्टिलोपियस ओपन्शिए पसरला आणि बागाच्या बागा वाळून गेल्या. ज्या किड्याने दख्खनच्या शेतकऱ्याची जमीन सोडवली, त्यानेच मोरोक्कोच्या शेतकऱ्याचे पीक बुडवले. किडा तोच, त्याचा स्वभावही तोच. बदलली ती फक्त माणसाची गरज.

हे आज आपल्याला कशाला हवे? कारण निवडुंग आपल्याकडे पुन्हा येतो आहे. कमी पाण्यात हिरवा चारा मिळावा म्हणून काटेविरहित निवडुंगाची लागवड पडीक जमिनीवर करावी, असा प्रयत्न गेली काही वर्षे देशात चालू आहे. केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागानेही पाणलोट कार्यक्रमात त्याला चालना दिली आहे. या जातीचे नाव ओपन्शिया फायकस-इंडिका, म्हणजे 'इंडियातले अंजीर'. जात मेक्सिकोकडची, पण कोलंबसाने अमेरिकेला इंडिया समजून जो घोळ घातला तो नावात राहून गेला.

योजना चांगली आहे. दुष्काळी भागातल्या जनावराला मे महिन्यात ओला चारा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण लावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला हवेत, आणि दोन्ही इतिहासाने शिकवलेले आहेत. पहिला : १९२६ साली आणलेला किडा अजून आपल्या रानात आहे आणि मोरोक्कोत त्याने हीच जात खाल्ली, मग आपल्या लागवडीवर नजर कोण ठेवणार? दुसरा : शेताबाहेर पसरला तर आवरणार कोण? गेल्या वेळी आपण आधी लावला आणि मग शंभर वर्षे निस्तरत बसलो. या वेळी माहिती हाताशी आहे.

वर्गात करून पाहा

एक. शाळेच्या आवारात पानफुटी लावा. सकाळी शाळा भरताच एक पान आणि सुटण्याच्या वेळी त्याच झाडाचे दुसरे पान घ्या. दोन्हींचा रस निळ्या लिटमस कागदावर लावून रंगातला फरक पाहा. हाइनने जिभेने केले ते आपण कागदाने करू.

दोन. फड्या निवडुंगावर पांढरा कापूस दिसला तर काडीने थोडा उचलून पांढऱ्या कागदावर चिरडा. किरमिजी डाग पडेल. त्यावर एका बाजूला लिंबाचा रस आणि दुसऱ्या बाजूला चुन्याची निवळी टाका. आम्लात रंग नारिंगीकडे झुकतो, निवळीत जांभळ्याकडे. म्हणजे हा किडाच एक दर्शक आहे.

तीन. गावातल्या सर्व निवडुंगांची यादी मुलांकडून करून घ्या : कुठला चिकाचा, कुठला रसाचा, कोणत्या जागी, कोणी लावलेला की आपोआप आलेला. घरातल्या आजी-आजोबांना विचारून प्रत्येकाचे स्थानिक नावही लिहा.

यात दोन काळज्या जरूर घ्याव्यात. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून तो मुलांना तोडू देऊ नये. फड्याच्या मोठ्या काट्यांहून त्याच्या गादीतले केसांसारखे बारीक काटे अधिक त्रासदायक. ते बोटात मोडतात आणि दिसत नाहीत. झाडाला हात न लावता काडी किंवा चिमटा वापरावा.

आणि ती उत्तरपत्रिका

आता त्या मुलीचे उत्तर तपासू. 'वाळवंटात' हे उत्तर पुस्तकातून आले, 'आमच्या वाडीच्या कुंपणावर' हे डोळ्यांनी पाहून आले. मुलगी बरोबर आहे. उलट, ठरलेले उत्तरच अपुरे आहे. कॅक्टस जगातल्या बहुतेक वाळवंटांत मूळचा नाहीच, आणि त्याचे काही भाऊबंद भर पावसाच्या जंगलात राहतात.

झाड कुठे उगवते हे एकट्या हवामानावर ठरत नाही. मुळांपाशी पाणी किती दिवस आहे, शेजारी सावली करणारे कोण आहे, त्याला खाणारा शत्रू तिथे पोचला आहे की नाही, आणि माणसाने त्याला कुठून कुठे उचलून नेले, या सगळ्यांचे मिळून उत्तर बनते. त्या मुलीने यांतल्या एका जागेची नोंद अचूक केली आहे. तिला पूर्ण गुण द्यावा आणि पुढचा प्रश्न विचारावा : 'तुझ्या कुंपणावरचा निवडुंग चिकाचा की रसाचा?'

उत्तर शोधायला तिला पुस्तक उघडावे लागणार नाही. वाडीपर्यंत जाऊन यावे लागेल.